तुटक्या बांगेचा कोंबडा

पेठच्या साधनाकडे कुणी कोंबडी विकत मागायला आलं, की ती अंडी पुढे करते. अंडी हवी तेवढी न्या, कोंबडी मिळणार नाही. येणाऱ्याने जावयाचं नाव काढो नाहीतर नवसाचं, उत्तर तेच. शेजारणी म्हणतात, साधनाच्या कोंबडीला लग्नाच्या पोरीसारखं स्थळ बघावं लागतं. साधनाला याचा राग येत नाही. ती नुसती मान डोलावते, कारण तिच्या मते त्यात हसण्यासारखं काहीच नाही.

या कोंबड्या तिच्या आईच्या. अंबाबाई डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहायची. घरचं भात, नाचणी, वरई, आणि दारात काळ्या पायांच्या, तांबूस मानेच्या, अंगाने बेताच्या कोंबड्या. दिसायला काही फार नव्हत्या. पण त्यांच्यातला कोंबडा दोन ओहोळांपलीकडून ओळखू यायचा, तो बांगेवरून. बाकीचे कोंबडे शेवटपर्यंत गळा ताणतात. हा मध्येच तोडायचा आणि शेवटचा सूर गिळून टाकायचा. "त्याच्या तोंडात भाकरीचा घास हाय," अंबाबाई म्हणायची. बापाची बांग तशी, लेकाची तशी, नातवाचीही तशीच. वाडीतली पोरं त्याची नक्कल करून एकमेकांना हाका मारायची.

अंबाबाईनेही कधी कोंबडी विकली नाही. ती अर्धलीनं द्यायची. म्हणजे कोंबडी अंबाबाईची, दाणापाणी आणि राखण घेणारणीची, आणि पिल्लं निघाली की निम्मी हिची, निम्मी तिची. ज्या बांबूच्या डालग्यात कोंबडी जायची ते डालगं रिकामं परत येत नसे. वाट्याची पिल्लं तरी यायची, नाहीतर मूठभर वरई. असं करत त्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांच्या वळचणीला अंबाबाईच्या कोंबड्या झोपायच्या. साधना लग्न होऊन पेठला आली तेव्हा आईने तिच्याही हातात डालगं दिलं होतं. "तुज्याकडून वाटा न्हाई घेणार," आई म्हणाली होती, "पर जात मोडू देऊ नको."

पुढे एका वर्षी डोंगरात मानमोडीची साथ आली. कोंबड्या माना वाकड्या करून गोल गोल फिरल्या आणि एकेक घर मोकळं झालं. अंबाबाईच्या दारातही एक उरली नाही. त्याच पावसाळ्यात अंबाबाई गेली. साधनाने त्यानंतर जो धडा घेतला तो असा, की आता ही जात फक्त आपल्या खुराड्यात आहे, तेव्हा ती मुठीत धरून ठेवायची. विकायची तर नाहीच, पण अर्धलीनंही कुणाला द्यायची नाही. चुलत नणंदेने दोनदा मागितली, दोनदा तोंड पाडून गेली. आईच्या कोंबड्या डोंगरात मेल्या आणि पेठमध्ये वाचल्या त्या आईने त्या दिल्या होत्या म्हणूनच, ही साधी गोष्ट तेव्हा तिच्या डोक्यात शिरली नाही. माणूस घाबरला की मूठच आवळतो.

तिचा नवरा सुभाष पिकअप चालवतो. आसपासच्या शेतांवरून कोबी, फ्लॉवर भरायचा आणि पुण्याच्या बाजारात पोचवायचा. गाडी भरताना गड्ड्यांची वरची पानं काढून टाकतात, त्यांचा बांधावर ढीग लागतो. सुभाषला असं काही वाया गेलेलं बघवत नाही. तो रोज येताना गोणीभर पानं घेऊन यायचा. त्यातच आळेफाट्याला त्याच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याकडे मोहरीच्या पेंडीच्या फुटक्या गोण्या पडून होत्या, त्याही त्याने आणल्या. "खाऊ दे तुज्या माहेरच्यांना," तो म्हणाला. कोंबड्या तुटून पडल्या. मक्याचा भरडा आणायचा त्रास वाचला. त्या वर्षी साधनाच्या खुराड्यात हिरवा पाला आणि पेंड याशिवाय फारसं काही गेलं नाही, आणि आपण लई चांगलं करतोय असं दोघांनाही वाटत होतं.

उन्हाळा लागता लागता मागच्या उसातून बिबट्या आला आणि तिचा एकुलता म्हातारा कोंबडा घेऊन गेला. जाळीला एवढंसं भोक आणि खाली चार तांबूस पिसं. साधनाने डोक्याला हात लावला, पण धीर सोडला नाही, कारण खुडूक कोंबडीखाली त्याच कोंबड्याच्या बीजाची अंडी होती. पिल्लं नेहमीपेक्षा उशिरा फुटली, तीही थोडीच. त्यांत नर एक निघाला. आता सगळं त्या एकावर होतं. तो वाढून कोंबडा झाला तर अंबाबाईची जात पुढे चालणार, नाहीतर काळ्या पायांच्या या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन संपणार.

आणि तो वाढेना. त्याच्या बहिणीही वाढेनात. गिड्ड्या पायांवर ढेऱ्या घेऊन पिल्लं फिरत. पाठ उघडीनागडी, पिसं येता येत नव्हती, दुपारभर कोपऱ्यात डोळे मिटून बसायची. गळ्याखाली बोट लावलं की मऊसर फुगवटा लागायचा. त्या नराला सुभाषने नाव ठेवलं पैलवान. साधनाला ते नाव ऐकवत नव्हतं, पण तेच चिकटलं.

साधनाला ही लक्षणं ओळखीची वाटली, आणि सगळा घोटाळा इथून सुरू झाला. मागल्या वर्षी तिचं स्वतःचं अंग असंच सुजलं होतं. केस गळायचे, भर उन्हात थंडी वाजायची, पोळी लाटता लाटता पेंग यायची. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईड कमी असल्याचं सांगितलं आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची बारीकशी गोळी दिली. ती गोळी सुरू झाल्यावर तिला स्वतःची ओळख परत मिळाली होती. डॉक्टर बोलता बोलता असंही म्हणाले होते, की लहान लेकरांना हे कमी पडलं तर त्यांची वाढच खुंटते. ते वाक्य साधनाने नीट गाठीला बांधून ठेवलं होतं.

मग काय, तिने पैलवान आणि दोन अगदीच मलूल पिल्लं वेगळ्या डालग्याखाली घेतली, स्वतःची गोळी चुरली आणि त्यांच्या पाण्यात कालवली. सकाळी सुभाष चहा ओततो तेव्हा ती पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन मागच्या दाराला जायची. तो समजायचा बायको औषध घेते. औषध घेत होता पैलवान.

सुरुवातीला चमत्कारच झाला. पैलवानाच्या गळ्याचा फुगवटा उतरला, पिसं फुटली, तो टुणटुण उड्या मारायला लागला. साधनाला वाटलं, जिंकलो. पण उड्या थांबेनात. पिल्लू सावलीतसुद्धा चोच उघडून धापा टाकायचं, सारखं खायचं आणि दिवसेंदिवस वाळत चाललं होतं. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागू लागलं. तिला वाटलं औषध कमी पडतंय, म्हणून आणखी थोडी चूर टाकली. इकडे तिचा स्वतःचा चेहरा पुन्हा फुगला. भांडी घासता घासता ती नळ चालू ठेवून बसून राही. सुभाषने विचारलं तर म्हणायची, "ऊन लई वाढलंय."

जुन्नरचे महंमद हनीफ गावोगाव फिरून गावरान अंडी घेतात. स्कूटीला मागे भुश्याचं खोकं बांधलेलं, आणि अंडं कानाशी हलवून बघायची सवय. साधनाकडे त्यांचं बरीच वर्षं येणंजाणं. त्या दिवशी त्यांनी पैलवानाकडे बघितलं आणि अंडी मोजायची सोडून दिली.

"भाभी, हे काय झालं याला? वाटाण्याच्या शेंगेवाणी दिसतंय."

साधनाला रडूच आलं. म्हातारा कोंबडा कसा गेला, हा एकच नर कसा राहिला, सगळं तिने सांगितलं. गोळीचं तेवढं गिळून टाकलं.

"रडू नका," हनीफभाई म्हणाले. "आमची लेक मनाल कोंबड्यांवरच शिकते की. कॉलेजात तिचं तेच चाललंय, थायरॉईड काय अन् वाढ काय. माझ्या तर डोक्यावरून जातं. सुट्टीला आली की आणतो तिला."

मनाल आली. सडसडीत, चष्मेवाली, बापाच्याच स्कूटीवर मागे बसून. तिने चप्पल काढून थेट खुराड्यात बैठक मारली, पिल्लांचे गळे चाचपले, पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं. पैलवानाचं घेतलं, डालग्याबाहेरच्या त्याच्या बहिणींचंही घेतलं. कोपऱ्यातली पानं आणि पेंड बघून तिच्या कपाळाला आठी पडली, पण ती एवढंच म्हणाली, "मावशी, हे आजपासून बंद ठेवा. रक्त आमच्या कॉलेजात तपासते, मग सांगते." साधनाने पानं बंद केली. पाण्यातली गोळी बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती चालू राहिली.

काही दिवसांनी फोन आला तेव्हा साधना ओट्याजवळ होती आणि सुभाष पलीकडे जेवत होता. फोन तिने स्पीकरवर टाकला, कारण हात पिठाचे होते.

"मावशी, खरं सांगा," मनालचा आवाज आला. "तुमचा पैलवान थायरॉईडची गोळी खातो का?"

सुभाषचा घास हातात राहिला.

"त्याच्या रक्तात एवढं थायरॉईड आहे, की मशीन बिघडलं असं सर म्हणाले. आम्ही परत लावून बघितलं. आणि मावशी, त्याला तुमची गोळी जात असेल, तर तुम्ही काय घेताय?"

सुभाष उठला. त्याने फळीवरची गोळ्यांची बाटली काढली, बाटलीकडे बघितलं, मग साधनाच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. एरवी हा माणूस गाडीच्या टायरवरून तासभर भांडू शकतो. "कोंबडीपायी?" एवढंच तो म्हणाला. साधनाला आयुष्यात त्याच्यापुढे इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्याची इतकी मायाही.

दुसऱ्याच आठवड्यात मनाल पुन्हा आली. या वेळी तिने दोघांनाही समोर बसवलं.

"कोंबडीच्या मेंदूखाली एक इवलीशी ग्रंथी असते," ती म्हणाली. "वाढीचं संप्रेरक ती सोडते. आणि गळ्यातल्या ग्रंथीतून येणारं थायरॉईड तिला लगाम घालतं. थायरॉईड भरपूर झालं, की वरची ग्रंथी हात आखडते. थायरॉईड कमी पडलं, की लगाम सुटतो आणि वाढीचं संप्रेरक भरमसाट येतं."

"आगं, मंग कमी पडल्यावर पिल्लं ताडमाड व्हायला पायजेत की!" साधना म्हणाली.

"तीच तर गोम आहे. त्या बाहेरच्या बहिणींच्या रक्तात वाढीचं संप्रेरक कितीतरी जास्त निघालं. पण ते हुकूम देतं, हाडामांसाला ते काम करायला थायरॉईडची जोड लागते. ती जोडच नाही, म्हणून हुकूम नुसता फिरत राहतो."

साधनाने क्षणभर विचार केला. "म्हंजी घरात वरडणारं माणूस हाय, पर चूल पेटवणारं न्हाई."

मनाल खळखळून हसली. "अगदी तसं. कोबीच्या पानांत आणि त्याहून जास्त मोहरीच्या पेंडीत असं काही असतं, की ते गळ्यातल्या ग्रंथीला तिचं काम करू देत नाही. थोडं खाल्लं तर काही नाही, पण तुमच्याकडे तेच जेवण होतं. म्हणून गळे फुगले. मग पैलवानाला तुम्ही गोळी दिली. पहिल्यांदा ती उपयोगी पडली, खोटं नाही बोलणार. पण नंतर तिचा पूर आला. लगाम इतका आवळला, की वाढीचं संप्रेरक जवळपास आटलं, आणि खाल्लेलं सगळं अंगाच्या उष्णतेत जळून गेलं."

"डागदर तर म्हनले व्हते, लेकरांनाबी असंच व्हतं."

"माणसात थायरॉईड कमी झालं की वाढीचं संप्रेरकही कमी होतं, मावशी. कोंबडीत उलटं. तुमच्या अंगावरून तिच्या अंगाचा अंदाज नाही बांधायचा."

साधना पदराचं टोक पिळत बसली. मग जे खरं विचारायचं होतं ते तिने विचारलं. "जगंल का त्यो?"

"गोळी आजच बंद. चांगलं खाद्य आणि खनिज मिश्रण द्या, पाल्यात मेथी नाहीतर लसूणघास. त्याची स्वतःची ग्रंथी जागी झाली तर जगेल. झाली तर, हां. वचन नाही देत." तिने बाटली उचलून साधनाच्या हातात ठेवली. "आणि ही कुणाची?"

"माजी," साधना शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली.

सुभाषने उरलेली पेंड गाडीत घालून परत केली आणि पानांची गोणी आणणं सोडून दिलं. त्याला वाटत होतं, सगळं आपल्यामुळे झालं. हे तो बोलला नाही. त्याऐवजी तो रोज पहाटे खाटेवरून उठून साधनासमोर पाण्याचा पेला धरून उभा राहायचा आणि गोळी गिळल्यावर, "आ कर," म्हणायचा. ती चिडायची. "मी काय पैलवान हाय व्हय?" तोही हटायचा नाही. तिच्या डोळ्यांखालची सूज उतरायला लागली तसा त्याच्या शिट्टीचाही आवाज परत आला.

पैलवानाचं मात्र काही खरं नव्हतं. गोळी थांबल्यावर तो मलूल झाला, खाणं सोडून भिंतीला टेकून बसला. त्याच्या डालग्यातलं एक पिल्लू गेलं. साधनाने त्याला जोंधळ्याच्या कण्या भिजवून हाताने भरवल्या. हळूहळू तो उभा राहिला, मग खुराड्यात हिंडला, मग बहिणींच्या अंगावर जायला लागला. त्याच्या बहिणी मागून येऊन त्याच्यापेक्षा गलेलठ्ठ झाल्या. पावसाळा सरत आला तेव्हा त्याच्या पाठीवर हिरवट झाक आली, मानेला तांबूस रंग चढला, आणि तुरा, जो कित्येक दिवस नखाएवढाच होता, लाल होऊन वर आला. पण बांग नाही. त्याच्या वयाच्या शेजारच्या कोंबड्यांनी गल्ली डोक्यावर घेतली होती, हा गळा फुगवायचा आणि तसाच सोडून द्यायचा. साधना रोज कान लावून उठायची.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी ती तोंडात गोळी टाकून पेला ओठांना लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला. चिरका, घोगरा, आणि मध्येच तुटलेला. शेवटचा सूर गिळून टाकलेला. पेला तसाच हातात धरून ती उभी राहिली. सुभाष म्हणाला, "पानी पी आधी." ती पाणी प्यायली आणि मग पदरात तोंड घालून पोटभर रडली.

त्या हिवाळ्यात पैलवानाच्या बीजाची पिल्लं वेळेवर फुटली आणि वेळेवर वाढली. खुराडं भरलं. आणि भरलेलं खुराडं बघून पूर्वी साधनाला जसा धीर यायचा, तसा या वेळी आला नाही. तिला सारखं वाटत राहिलं, एकच दार, एकच जाळी, एकच घास. आपल्या हातून एक घास चुकला आणि सगळीच्या सगळी पिल्लं एकदम बसली होती. आईच्या वेळी एका घरात काही चुकलं तर दुसऱ्या घरात कोंबडी असायची. मुठीत धरून आपण जात राखत नव्हतो, कोंडत होतो, हे तिला कळायला एवढं सगळं व्हावं लागलं. तिने आधी चुलत नणंदेला बोलावून कोंबडी दिली आणि वर दोन शब्द ऐकूनही घेतले.

मग पुढचा पावसाळा सरताना ती डालगं घेऊन सुभाषच्या गाडीतून जुन्नरला गेली. डालग्यात पैलवानाचा एक तरणा लेक आणि दोन तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, होत्या. हनीफभाईंच्या घरामागे पेरूच्या झाडाखाली जागा होती, आणि त्यांच्या आई बिबिजान तिथे खाटेवर बसलेल्या. वय झालेलं, पण नजर तल्लख.

"इकत देत न्हाई मी," साधना म्हणाली. "अर्धलीनं ठेवायच्या. निम्मी पिल्लं तुमची, निम्मी माजी."

बिबिजाननी कोंबड्याचा पाय धरून बघितला, मानेवरून हात फिरवला. "निम्मी कशाला? सगळी तूच ने. मनालने तुझ्याकडनं काय कमी घेतलं? तिच्या कॉलेजातल्या पोरांना ती तुझंच सांगते, चूल पेटवणारं माणूस नाही म्हणून."

"न्हाई आज्जी. रीत हाय ती. तुमी वाटा न्हाई घेतला तर राखण फुकटची हुईल, मंग मला बघायला कुठल्या तोंडानं येता यील?"

"ये की मग वाटा न्यायला," बिबिजान म्हणाल्या. "पण कोबी नाही खिलवणार हां मी." त्यांनी डालगं रिकामं परत जाऊ दिलं नाही. परसातले पेरू भरून दिले.

मार्च लागला. साधना अंगणात मेथी निवडत बसली होती आणि पैलवान तिच्यापुढे निवडलेल्या काड्या पळवत होता. मनालचा फोन आला. ती सुट्टीला घरी आली होती.

"मावशी, पिल्लं फुटली. दादी म्हणतात, तुमचा वाटा मोठा झाला की न्यायला या. आणि थांबा, काहीतरी ऐका. हा आता रोज या वेळी सुरू होतो."

फोनमध्ये थोडी खरखर झाली. बिबिजानचा आवाज आला, "गप्प बसा ना सगळे." मग जुन्नरच्या त्या परसातून बांग आली. मोठी, भरल्या गळ्याची, आणि मध्येच तोडलेली. तोंडात भाकरीचा घास असल्यासारखी.

साधनाच्या हातातली जुडी खाली पडली. पैलवानाने मान वर केली. त्याने फोनकडे एकदा या डोळ्याने बघितलं, एकदा त्या डोळ्याने. मग तो पायरीवर चढला, पंख झटकले आणि लेकाला त्याच तुटक्या बांगेत उत्तर दिलं. पलीकडून मनाल हसत होती. साधनाने फोन आणखी वर धरला, पैलवानाच्या तोंडाजवळ, आणि म्हणाली, "आये, आईकतीस का गं?"